दोन उंचवटे

"मॅट वाजली नाही, म्हणजे पोरगी खिंडीत गेलीच नाही. यात अवघड काय आहे?" संग्राम थोरवे टेबलावर बोट आपटत म्हणाले.

शाळेच्या स्टाफरूममध्ये पंखा फिरत होता, तरी सगळे घामाघूम झाले होते. बाहेर मैदानावर बक्षिसाचा मांडव उभा होता आणि स्पीकरवर कोणीतरी "हॅलो, हॅलो, चेक" एवढंच म्हणत होतं. बक्षीस समारंभ तासभर पुढे ढकलला होता. कारण एकच. अठरा वर्षांखालच्या मुलींत पहिली आलेली यमुना धिंदळे खरंच पळत आली की आडवाटेनं, हे ठरत नव्हतं.

मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला चार महिने झाले होते आणि शर्यतींच्या वेळा मोजणाऱ्या एका छोट्या कंपनीत ही माझी पहिलीच नोकरी. करवंदखिंडीची घाट दौड त्या वर्षी पहिल्यांदा चिप लावून होत होती. धावणाऱ्याच्या बुटाच्या लेसला चिप बांधायची, रस्त्यावर ठिकठिकाणी मॅट अंथरायची. पाय मॅटवरून गेला की ती वाजते आणि वेळ नोंदली जाते. आमच्या मॅट तीन जागी होत्या. पहिली चार किलोमीटरवर, घाट सुरू होतो तिथं. दुसरी खिंडीत. तिसरी शेवटच्या रेषेवर.

यमुनाची पहिल्या मॅटवर नोंद होती, तिसऱ्यावर होती. खिंडीत नव्हती.

"खिंडीच्या खालून घोडेवाट फुटते," थोरवे सांगत होते. तालुक्याच्या गावात त्यांची धावण्याची अकादमी होती आणि दुसरी आलेली ऐश्वर्या कडलग त्यांचीच. "ती वाट धरली की दोन किलोमीटर वाचतात. वरच्या वाडीच्या पोरांना ती झोपेतसुद्धा सापडते. आमची ऐशू खिंडीत मुलींमध्ये पहिली होती. मशिनच सांगतंय. मग ही तिच्या पुढे आली कुठून? आभाळातून?"

ऐश्वर्या दाराशी उभी होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तू पाणी पी, ऐशू. मी बोलतोय ना."

समितीचे अध्यक्ष आप्पा वाळुंज यांनी कपाळ पुसलं. "मॅडम, तुम्ही किती वेळ थांबू शकता?"

हा प्रश्न वर्तक मॅडमना होता. त्या पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाच्या निवड समितीवर होत्या. राहणं, जेवण, शिक्षण, सराव, सगळं तिथं. या शर्यतीतून त्या एकच मुलगी नेणार होत्या, पहिली येणारी. 

"चारला निघायलाच हवं," त्या म्हणाल्या. "नाव आज कळवायचंय. तुम्ही द्याल ते नाव मी कळवीन. वाद असेल तर जागा दुसऱ्या तालुक्याला जाईल."

तीन वाजून गेले होते.

"केतकी," आमचे साहेब, शिरगोपीकर, माझ्या खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाले, "कितीजणांची खिंडीतली नोंद नाही, ते गावागावानुसार काढ. आप्पांना दाखवू. आणि एक लक्षात ठेव. आपलं मशिन चुकत नाही. पुढच्या तीन वर्षांचं काम याच्यावर आहे."

मी बार चार्ट काढला. प्रत्येक गावाचा एक दांडा, दांड्याची उंची म्हणजे नोंद न झालेल्यांची संख्या. पडद्यावर चित्र उमटलं. तालुक्याचं गाव, शून्य. बाहेरून आलेले, शून्य. आजूबाजूची गावं, तीही शून्य. आणि उजव्या टोकाला कोंभाळवाडी आणि तिच्या शेजारच्या दोन वस्त्या, ताडासारखे तीन दांडे. एकूण बावीस माणसं.

"घ्या!" थोरवे जवळजवळ ओरडलेच. "एकटी पोरगी नाही, आख्खी वाडी आडवाटेनं आली."

आप्पा चष्मा वर करून चित्राकडे बघत राहिले. "एवढे सगळे? अरे, यांतले निम्मे मला राम राम घालतात."

"राम राम घालणारे वाट चुकत नाहीत, असं कुठं आहे, आप्पा?"

खिंडीत मॅटजवळ बसवलेल्या कॉलेजच्या दोन मुलांना बोलावलं. त्यांतला एक म्हणाला, "गर्दी होती सर. नंबर कोण बघतंय? मशिन होतं ना."

मला त्या चित्रात काहीतरी टोचत होतं. दांडे खोटे नव्हते. पण बार चार्ट एवढंच सांगत होता, की कुणाची नोंद नाही. का नाही, हे तो सांगू शकत नव्हता. आणि खोलीतला प्रत्येकजण ते त्यातच वाचत होता.

"सर," मी म्हटलं, "आडवाटेनं दोन किलोमीटर वाचले असतील, तर वेळ वाचलेला दिसायला हवा. मला दहा मिनिटं द्या."

"अजून कसली दहा मिनिटं?" थोरवे.

"पहिली आली की ती," आप्पा म्हणाले. "वेळ वाचलाच ना?"

"ती मुळातच जोरात पळणारी असेल तर? पहिल्या चार किलोमीटरला आडवाट नाही. तिथंही तीच पुढे होती, ऐश्वर्याच्या दोन मिनिटं. प्रत्येकाला त्याच्याच वेगाशी ताडून बघायला हवं."

आप्पांनी मान हलवली. शिरगोपीकरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

प्रत्येक धावणाऱ्याला शेवटच्या आठ किलोमीटरला लागलेला वेळ मी त्याच्याच पहिल्या चार किलोमीटरच्या वेळेनं भागला. पहिल्याला वीस मिनिटं आणि उरलेल्याला पन्नास लागली, तर उत्तर अडीच. जोरात पळणारा असो की रमतगमत येणारा, घाट सगळ्यांना सारखाच. उत्तर साधारण अडीचच्या आसपास यायला हवं. आडवाटेनं आलेल्याचं दोनच्याही खाली जाईल. मग मी हिस्टोग्राम काढला. त्यात दांडे सुटे नसतात, एकमेकांना चिकटून उभे असतात. खाली मोजपट्टी असते आणि कुठल्या उत्तराशी किती माणसं गोळा झालीत ते दिसतं.

अडीचवर मोठा उंचवटा होता. दोनच्या खाली एकही माणूस नव्हता.

आणि उजवीकडे, पावणेतीनच्या आसपास, दुसरा छोटा उंचवटा.

मी तो दोनदा पुन्हा काढला. दांड्यांची रुंदी बदलून बघितली. उंचवटा हलला नाही. त्यात कोण आहेत ते पाहिलं. कोंभाळवाडी आणि शेजारच्या वस्त्या. एकूण एकतीस. नोंद नसलेले बावीस त्यातच होते आणि यमुनाही.

म्हणजे ज्यांच्यावर दोन किलोमीटर चोरल्याचा आळ होता, ते उलट पाच-पाच मिनिटं हळू आले होते. घाटात जन्मलेली माणसं घाटातच हळू? 

उरलेल्या नऊजणांची मात्र खिंडीत नोंद झाली होती. त्यांची वेळ मी सुटी करून पाहिली. उतारावर ते कुणाहून हळू नव्हते. जे काही पाच मिनिटं खात होतं, ते खिंडीच्या मॅटच्या आधीच होतं.

मी उठले.

"कुठं निघालीस?" शिरगोपीकर.

"तिला विचारायला."

"विचारून झालंय! खिंडीतून गेले म्हणते. दुसरं काय म्हणणार?"

वाडीची माणसं मैदानाच्या कडेला आंब्याखाली बसली होती. भेळीचा कागद मधे पसरला होता, पण खात कुणी नव्हतं. यमुना गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. सतरा वर्षांची, काटक. तिच्याशेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते, छातीवर नंबराचा कागद तसाच.

"या मॅडम," ते म्हणाले. "मी गंगाराम. हिचा चुलता. माझंबी नाव तुमच्या मशिनातून गायब हाय म्हणं. पळालो का झोपलो, त्यालाच ठाऊक."

कुणीतरी हसलं. यमुना हसली नाही.

"यमुना," मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "घाट चढताना तू कुठं थांबलीस का?"

"नाय."

"पाणी प्यायला? पाय मुरगळला?"

"नाय म्हणलं ना ताई. तुमाला वाटतं मी घोडेवाटेनं आले. तसं लिहून टाका न् काय."

"मला तसं वाटत नाही. मला वाटतं तुझी पाच मिनिटं कुठंतरी गेली आणि ती कुठं गेली ते मला सापडत नाही."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. आणि तेव्हा मला तिचे बूट दिसले. पायांत नव्हते. दोन्ही बुटांच्या लेस एकमेकींना बांधून तिनं ते गळ्यात अडकवले होते. उजव्या बुटाच्या लेसला आमची चिप अजून तशीच होती. ती तिच्या छातीवर लोंबत होती.

"बूट गळ्यात का घातलेत?"

"पाय पोळतात. दुपारून नाय घालवत."

"पण गळ्यात?"

"हातात धरलं तर हात अडकतो. देवराईत पण असंच नेतो आमी."

"देवराईत?"

गंगारामकाकांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी दिवसा सूर्य कुठं असतो ते विचारलं होतं. "खिंडीच्या अलीकडं देवाचं रान नाय का? पाऊण किलोमीटरचं. तिथं पायतान घालून कोण जातं?"

"आणि पळत?"

"देवाच्या दारातून पळत जात्यात व्हय? चालत जायचं. रान संपलं, शिवेच्या दगडावर खडा ठेवला, पायतान घातलं, की मग पळा तुमाला पायजे तेवढं."

"आणि आमची मॅट कुठं होती?"

"रानातच की. दगडाच्या अलीकडं. आमी म्हणलं बी, की देवाच्या रानात हे काय पसारलंय. पर सरकारी काम असंल."

"तुम्ही हे आत का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" यमुना म्हणाली. तिला खरोखरच कळलं नव्हतं. "त्यांनी इचारलं खिंडीतून गेलीस का. गेले म्हणलं. बूट काढलं का, असं कुणी इचारलं?"

साडेतीन होत आले होते.

खिंडीतली मॅट जीपमधून परत आली होती. मी ती स्टाफरूमसमोरच्या व्हरांड्यात पसरली आणि मशीन जोडलं. शिरगोपीकर दातओठ खात शेजारी उभे राहिले. "केतकी, विचार कर," एवढंच म्हणाले.

यमुना गळ्यात बूट घालून मॅटवरून चालत गेली. शांतता. पुन्हा गेली. मॅट मुकी.

"आता पायात घाल."

तिनं बूट घातले, पाय टाकला. मॅट वाजली.

माझ्यामागोमाग आलेल्या वाडीच्या माणसांतून गंगारामकाकांचा पुतण्या न सांगता पुढे झाला. आपले बूट हातात खाली लोंबते धरून तो मॅटवरून गेला. मॅट वाजली. नोंद झालेल्या नऊजणांत तो होता.

आप्पा खाली वाकून मॅटकडे बघत राहिले. "म्हणजे हे यंत्र फक्त जमिनीलगतच्या बुटाला ओळखतं?"

"जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत. त्याच्या वर नाही," मी म्हटलं आणि शिरगोपीकरांकडे पाहायचं टाळलं. मग सगळे आत आल्यावर लॅपटॉप फिरवून दोन्ही उंचवटे दाखवले, डावीकडची मोकळी जागा दाखवली.

वर्तक मॅडम खुर्ची ओढून जवळ आल्या. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "आडवाटेनं आलेले असते तर इकडे दिसले असते. बरोबर?"

"हो. आणि तिथं कोणीच नाही."

"थांबा," थोरवे म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता, पण सुटला नव्हता. "मशिन हुकू शकतं, मान्य. चित्र छान आहे. पण पोरगी आडवाटेनं जाऊन मधे पंधरा-सतरा मिनिटं सावलीत बसली असेल, म्हणजे कुणाला संशय नको. तेव्हाही हेच आकडे येतील की नाही? बोला ना मॅडम, येतील की नाही?"

येतील. मी खोटं बोलू शकत नव्हते. 

"येऊ शकतात," मी म्हटलं.

यमुनानं खाली पाहिलं. आप्पांनी घड्याळ पाहिलं. वर्तक मॅडमनी पर्स उचलून मांडीवर घेतली. शिरगोपीकरांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला मानेवर जाणवला.

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हिशेब डोक्यात आपोआप फिरत होता. घाटाच्या पायथ्याशी यमुना दोन मिनिटं पुढे. चढावर आणखी दीड-पावणेदोन. मग देवराईत चालणं आणि बूट काढणं-घालणं. तिची साडेचार मिनिटं जातात. म्हणजे देवराई संपता संपता ऐश्वर्या तिच्या पुढे गेलेली असायला हवी. थोडीशीच. म्हणूनच ती खिंडीत पहिली. आणि मग उतारावर यमुनानं तिला पुन्हा गाठलं असेल. दोघी दोनदा एकमेकींजवळून गेल्या असणार, हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावरून.

यमुना सावलीत बसली असती, तर ऐश्वर्याला ती एकदाही दिसली नसती.

आता ज्या एका माणसाला विचारायचं होतं, त्याची स्वतःची जागा त्या उत्तरावर होती. आणि तिनं "मला कोणी दिसलं नाही" एवढं म्हटलं असतं, तर सगळं तिथंच संपलं असतं. तिला खोटं ठरवायला माझ्याकडे कुठलाही दांडा नव्हता.

"ऐश्वर्या," मी म्हटलं, "देवराईत तू कुणाला मागं टाकलंस?"

थोरवे पुढे सरकले. "हिला कशाला मधे..."

"सर, तिला बोलू द्या," वर्तक मॅडम म्हणाल्या.

ऐश्वर्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हातात पाण्याची बाटली. ती बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती. उघडत होती, लावत होती. मांडवातला स्पीकर एकदाचा बंद झाला होता.

"ऐशू," थोरवे म्हणाले. आवाजात धाक नव्हता, विनवणी होती. तीन वर्षं रोज पहाटे त्यांनी तिला मोटारसायकलवरून मैदानावर नेलं होतं, हे मला नंतर कळलं.

"हिलाच," ऐश्वर्या म्हणाली.

तिनं यमुनाकडे बोट केलं.

"ही चालत होती. गळ्यात बूट होते. मला वाटलं हिला लागलंय. मी म्हटलं, पळ ना, काय झालं? तर ही म्हणाली, बूट काढ." तिनं झाकण घट्ट लावलं. "मी नाही काढले. मग उतारावर ही मागून आली आणि गेली. सर, मी तुम्हाला मघाशी दोनदा सांगत होते."

थोरवे उभे होते ते बाकावर बसले. मग म्हणाले, "सांगत होती. मीच ऐकलं नाही."

आप्पा माझ्याकडे वळले. "पण मॅट देवराईत टाकायची कोणी ठरवलं होतं?" 

आप्पांनीच पुढे उत्तर दिलं. "आपणच. खाली बसून, नकाशावर." मग ते व्हरांड्यात गेले आणि गंगारामकाकांना म्हणाले, "गंगाराम, तीनशे माणसं तुमच्या देवाच्या रानातून बूट घालून पळाली. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"पाव्हणे हायेत, आप्पा. पाव्हण्याला दारात कोण टोकतं? देवाला कळतं."

वर्तक मॅडमनी पर्समधून कागद काढला. "पूर्ण नाव सांग, बाळ."

"यमुना सखाराम धिंदळे."

"तू पळत गेली असतीस तर आणखी पाच मिनिटं आधी आली असतीस, माहितेय तुला?"

यमुनानं मला विचारलं, "असं हाय का ताई?"

"साडेचार," मी म्हटलं.

ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "तरी चाललेच असते."

मॅडमची गाडी निघाली तेव्हा यमुना मांडवाकडे गेली नाही. ती ऐश्वर्याजवळ गेली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. बोलल्याच नसतील. ऐश्वर्यानं तिच्याकडे बाटली पुढे केली आणि यमुनानं ती वरून, तोंड न लावता प्यायली. 

ते काम आमच्या कंपनीला पुढच्या वर्षी मिळालं. मीही तिथं टिकले. शिरगोपीकर साताठ दिवस बोलले नाहीत, मग एकदा चहा पिताना म्हणाले, "हिस्टोग्राम कसा काढतात ते दाखव जरा." खिंडीतली मॅट आम्ही देवराईच्या पलीकडे, दगडापासून लांब टाकली. समितीनं रानाच्या तोंडाशी एक फलक उभा केला होता. त्यावर काय लिहायचं यावर बराच वाद झाला, असं आप्पा म्हणाले. शेवटी एवढंच लिहिलं होतं: "इथून वाडीची माणसं अनवाणी चालत जातात."

बाकी काही नाही. सूचना नाही, विनंती नाही.

त्या दुसऱ्या वर्षीची शर्यत संपल्यावर संध्याकाळी मी स्टाफरूमच्या त्याच कोपऱ्यात बसून तीच आकडेमोड केली. पहिल्या मुलीचं नाव ऐश्वर्या कडलग होतं. तिचं उत्तर पावणेतीनच्या जवळ होतं. मी बाकीच्यांचं काढलं.

पडद्यावर एकच उंचवटा उभा राहिला. सगळाच्या सगळा उजवीकडे.